जुन्या व्हिडिओ गेमचा रास्त भाव कोण ठरवतं?

ज्यांची रेंज लोकलमध्ये जाते, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून ठेवतोय. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त अडखळणं तेवढं गाळलंय.

आज एका आकड्यापासून सुरुवात करू. ११ जुलै २०२१. अमेरिकेतल्या हेरिटेज ऑक्शन्स या लिलाव कंपनीत 'सुपर मारिओ ६४' या गेमची एक सीलबंद प्रत विकली गेली. किंमत १५ लाख ६० हजार डॉलर. तेव्हाच्या दराने साडेअकरा कोटी रुपयांच्या आसपास. एवढ्यात पुण्यात एक नाही, चांगले आठ-दहा फ्लॅट येतील.

आता गंमत बघा. हा गेम दुर्मिळ अजिबात नाही. १९९६ साली आलेल्या या गेमच्या जगभरात एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. निन्टेन्डो ६४ वर सगळ्यात जास्त खपलेला गेम हाच. मग एका डब्याला साडेअकरा कोटी, आणि तीच कॅसेट डब्याशिवाय काही हजारांत. हे कसं?

मी दिवसा सॉफ्टवेअर लिहितो आणि शनिवार-रविवार जुने गेम शोधत फिरतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी नुसता कुतूहलाचा नाही, खिशाचा आहे. जुन्या गेमला किंमत चिकटवतं कोण? या एका प्रश्नाचा तीसेक वर्षांचा इतिहास आज सांगतो.

छापील भावपत्रकाचे दिवस

ऐंशीच्या दशकात जुना गेम म्हणजे नुसता वापरलेला गेम. 'रेट्रो' वगैरे काही नाही. पोरगं गेम संपवायचं, कंटाळायचं, आणि तो दुसऱ्याला देऊन टाकायचं.

१९८८ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात फंको नावाची कंपनी सुरू झाली. पुढे तिच्या दुकानांना फंकोलँड म्हणायला लागले. ते वापरलेले गेम विकत घ्यायचे आणि विकायचे. त्यांची खासियत म्हणजे भावपत्रक. वर्तमानपत्रासारख्या स्वस्त कागदावर बारीक अक्षरांत शेकडो गेमची नावं आणि समोर भाव. दुकानात यायचं, कागद उचलायचा, घरी नेऊन पेनाने खुणा करायच्या. शिवाय घेण्याआधी गेम दुकानातच लावून बघता यायचा.

ऐकायला साधं वाटतं, पण यातलं महत्त्वाचं काय ते सांगतो. भाव कागदावर होता. दुकानदाराच्या डोक्यात नव्हता. माणूस बघून भाव सांगायची सोय उरली नाही. भाजी मंडईत पाटीवर दर लिहिलेला असला की तुमची आजी जशी निर्धास्त होते ना, तसं.

२००० साली ही कंपनी बार्न्स अँड नोबलने विकत घेतली आणि पुढे ती गेमस्टॉपमध्ये विरघळून गेली. पण नव्वदच्या दशकात जुन्या गेमची किंमत म्हणजे काय, हे त्या कागदाने एका अख्ख्या पिढीला शिकवलं.

त्याच सुमाराला दुसरं टोक तयार होत होतं. १९९१ मध्ये 'डिजिटल प्रेस' नावाचं हौशी मासिक सुरू झालं. त्यांनी पुढे संग्राहकांसाठी मार्गदर्शक पुस्तक काढलं. त्यात गेम किती दुर्मिळ आहे याला अंक दिलेले असायचे. म्हणजे आता दोन वेगळे प्रश्न उभे राहिले. एक, गेम खेळायला किती चांगला? दोन, गेम सापडायला किती कठीण? आणि या दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध नाही, हे लोकांच्या लक्षात यायला लागलं.

ईबे आलं आणि भाव सगळ्यांना दिसला

सप्टेंबर १९९५ मध्ये ईबे सुरू झालं, तेव्हा त्याचं नाव होतं ऑक्शनवेब. कोणाच्या तरी गॅरेजमध्ये पडलेली कॅसेट आता सगळ्या जगासमोर आली. गावात एकच प्रत दिसते म्हणून दुर्मिळ वाटणारे कितीतरी गेम प्रत्यक्षात ढिगाने होते, हे कळलं. आणि जे खरंच दुर्मिळ होते त्यांचे भाव चढत गेले.

यातला माझा आवडता किस्सा 'स्टेडियम इव्हेंट्स'चा. बांदाई कंपनीने १९८७ मध्ये अमेरिकेत हा गेम आणला. जमिनीवर एक चटई अंथरायची, तिच्यावर पळायचं, आणि टीव्हीतला खेळाडू पळायचा. निन्टेन्डोला ती चटई आवडली. त्यांनी हक्क घेतले, चटईचं नाव 'पॉवर पॅड' केलं आणि गेम नव्या नावाने बाजारात आणला: 'वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट'. जुन्या नावाचे डबे दुकानांतून गायब झाले.

परिणाम काय? गेम जवळपास तोच. 'वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट' आजही किरकोळ भावात मिळतो. 'स्टेडियम इव्हेंट्स' हे नाव असलेली अमेरिकन प्रत मात्र संग्राहकांच्या यादीत अगदी वरच्या ओळीत.

२०१० मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका बाईंनी घरातला जुना निन्टेन्डो आणि सोबतचे काही गेम ईबेवर एकत्र विकायला टाकले. त्या संग्राहक नव्हत्या. त्या ढिगात हा गेम होता, तोही डब्यासकट. बोली चढत चढत १३,१०५ डॉलरवर थांबली.

इथे जरा थांबा. विकणाऱ्या व्यक्तीला विषयातलं ज्ञान नव्हतं, तरी तिला योग्य भाव मिळाला. का? कारण बोली उघड होती. ज्यांना माहीत होतं त्यांनी एकमेकांशी स्पर्धा केली आणि त्यांचं ज्ञान आकड्याच्या रूपाने तिच्यापर्यंत पोचलं. हाच सौदा एखाद्या दुकानाच्या काउंटरवर झाला असता तर? विचार करा.

२००७ मध्ये प्राइसचार्टिंग ही साइट आली. प्रत्यक्ष झालेल्या विक्रीचे आकडे गोळा करून ती प्रत्येक गेमचा चालू भाव दाखवते, आणि सुटी कॅसेट, डबा-पुस्तिकेसकट पूर्ण संच, आणि नवी कोरी प्रत असे वेगवेगळे भाव. थोडक्यात, फंकोलँडचा कागद परत आला. फरक एवढाच की यावेळी भाव दुकानाने ठरवलेला नव्हता, झालेल्या व्यवहारांतून निघालेला होता.

कचऱ्यातून निघालेला ई.टी.

दुर्मिळता हेच सगळं, असं वाटत असेल तर हे ऐका. १९८२ च्या ख्रिसमससाठी अटारीने 'ई.टी.' सिनेमावर गेम काढला. हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रामरला तो बनवायला मिळाले पाच आठवडे. आमच्या ऑफिसात एवढ्या वेळात रिक्वायरमेंटवरच्या मीटिंगाही संपत नाहीत! गेम पडला, लाखो कॅसेट परत आल्या, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने ट्रक भरभरून माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत पुरला.

बरीच वर्षं लोकांना ही दंतकथाच वाटायची. २६ एप्रिल २०१४ ला खोदकाम झालं आणि कॅसेट खरंच निघाल्या, साधारण १,३०० नग. त्यातल्या ८८१ नगरपालिकेच्या वतीने ईबेवर विकल्या गेल्या आणि एक लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली. एका ई.टी.ला १,५३५ डॉलर मिळाले. चेपलेली, मळलेली, कचऱ्याचा वास येणारी कॅसेट!

हाच गेम स्वच्छ, चालू स्थितीत कोणत्याही दिवशी अगदी स्वस्तात मिळतो. म्हणजे लोकांनी पैसे गेमला दिले नाहीत, गोष्टीला दिले. ती गोष्ट खरी असल्याचं प्रमाणपत्र गावाने दिलं होतं, म्हणून भाव टिकला. कागद काढून घेतला तर उरते घाण झालेली एक कॅसेट.

प्लास्टिकच्या पेटीतला मारिओ

आता परत २०२१ कडे येऊ. नाणी आणि कॉमिक्सच्या जगात जुनी पद्धत आहे: तटस्थ कंपनी वस्तू तपासते, गुण देते आणि पारदर्शक पेटीत सील करते. याला ग्रेडिंग म्हणतात. व्हिडिओ गेमसाठी वाटा गेम्स या कंपनीने हे मोठ्या प्रमाणावर सुरू केलं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'ची एक सीलबंद प्रत १,००,१५० डॉलरला गेल्याची बातमी आली. विकत घेणाऱ्या तिघांपैकी एक होते जिम हॅल्परिन, म्हणजे हेरिटेज ऑक्शन्सचेच सहसंस्थापक. त्यानंतर आकडे बघा. जुलै २०२०, मारिओची एक प्रत १ लाख १४ हजार डॉलर. एप्रिल २०२१, ६ लाख ६० हजार. जुलै २०२१ मध्ये आधी 'लेजंड ऑफ झेल्डा' ८ लाख ७० हजार, आणि दोनच दिवसांनी तो १५ लाख ६० हजारांचा मारिओ. लॉकडाऊनमध्ये घरात बसलेली माणसं, हातात पैसा, आणि रोज नवी हेडलाइन.

ऑगस्ट २०२१ मध्ये कार्ल जॉब्स्ट या यूट्यूबरने एक लांबलचक व्हिडिओ काढला. ग्रेडिंग कंपनी आणि लिलाव कंपनी यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेत आणि भाव मुद्दाम फुगवले जातायत, असा त्याचा आरोप. दोन्ही कंपन्यांनी तो फेटाळला. त्या वादात मी पडत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो एक तांत्रिक मुद्दा. नाण्यांच्या जगात ग्रेडिंग कंपन्या सांगतात की अमुक नाण्याच्या अमुक गुणांच्या इतक्या प्रती आम्ही तपासल्यात. त्या वेळी गेमच्या बाबतीत असा तक्ता बाहेर आलेलाच नव्हता. आपल्या प्रतीसारख्या जगात आणखी तीन आहेत की तीनशे, हे घेणाऱ्याला कळायला मार्गच नाही.

म्हणजे वजनकाटा झाकलेला आणि भाव मात्र जोरात पुकारलेला. असा सौदा तुम्ही कांद्याचासुद्धा करणार नाही.

आपल्याकडची कॅसेट

आता तुम्ही म्हणाल, हे झालं अमेरिकेचं. आपल्याकडे काय?

आपल्याकडची गोष्ट वेगळी, आणि त्याला तांत्रिक कारण आहे. १५ जुलै १९८३ ला जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम आला. त्यात नकली कॅसेट अडवणारी चिप नव्हती. ती चिप नंतर अमेरिकन मॉडेलमध्ये टाकली. त्यामुळे फॅमिकॉमची नक्कल करणं सोपं झालं आणि तैवान-चीनमधून नकला जगभर गेल्या. भारतात समुराई, मीडिया, लिटल मास्टर ही नावं घराघरात झाली. आमच्या पिढीला तर डब्यावरचं नावही आठवत नाही, नुसता 'व्हिडिओ गेम'. आणि पिवळी कॅसेट, जिच्यावर लिहिलेलं '९९९९ इन १', आत मोजून दहा-पंधरा गेम, तेच फिरवून फिरवून. चालली नाही की फुंकर मारायची.

या कॅसेटला जगाच्या भावपत्रकात जागा जवळपास नाही. हीच आपली अडचण. आपल्याकडच्या जाहिरातींत 'अँटिक', 'रेअर', 'फिक्स रेट' असं लिहून पिवळ्या कॅसेटला पाच-पाच हजार मागतात. हा मागितलेला भाव आहे. कोणी दिलाय का, ते दिसतच नाही. आणि दुसऱ्या बाजूला, कोणाच्या तरी अमेरिकेतल्या काकांनी आणलेली अस्सल गेमबॉयची कॅसेट भंगारात किलोच्या भावाने जाते.

दोन्हीकडे दुखणं एकच. माहिती एकाच बाजूला आहे.

जपानमध्ये याचं उलट चित्र दिसतं. तिथे वापरलेले गेम विकायला कंपन्यांनी विरोध केला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि २५ एप्रिल २००२ ला निकाल आला की एकदा विकलेला गेम पुन्हा विकायला हरकत नाही. त्यामुळे हार्ड ऑफसारख्या जुन्या मालाच्या साखळी दुकानांत आजही प्रत्येक कॅसेटवर भावाची चिठ्ठी असते, आणि 'जंक' लिहिलेल्या टोपल्यांत 'चालेल याची खात्री नाही' हे आधीच सांगितलेलं असतं. पुण्यातून जपानी शिकून तिकडे नोकरीला गेलेले तुमचे मित्र असतील तर त्यांना विचारा, ते अशा टोपल्यांबद्दल तासभर बोलतील.

भाव काढायचा कसा?

माझी पद्धत सांगतो. फार भारी नाही, पण चालते.

पहिलं, मागितलेला भाव बघायचा नाही, झालेली विक्री बघायची. ईबेवर 'सोल्ड' फिल्टर असतो, तो लावा.

दुसरं, सारख्याशी सारखं ताडून बघा. सुट्या कॅसेटचा भाव सीलबंद डब्यावरून काढू नका. मोठे आकडे बातमीत येतात ते बहुतेक सीलबंद मालाचे.

तिसरं, सरासरी काढू नका, मधला आकडा घ्या. समजा पाच विक्री झाल्या: ९००, ९५०, १०००, १०५० आणि एक वेडी ८०००. सरासरी येते २३८०. त्या भावाला तर एकही प्रत गेलेली नाही! मधला आकडा १०००. तोच खरा.

चौथं, अस्सल आहे का बघा. गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटचं उदाहरण घ्या. खालच्या फटीतून डोकावलं की अस्सल बोर्डावर पिनांच्या वर 'निन्टेन्डो' छापलेलं दिसतं. लेबलवर बारीक दाबून उमटवलेला अंक असतो, तो तिरप्या उजेडात दिसतो. एकाच खुणेवर विसंबू नका, सगळ्या जुळवा.

पाचवं, दुरुस्तीचा खर्च वजा करा. 'पोकेमॉन गोल्ड'सारख्या जुन्या कॅसेटमध्ये सेव्ह टिकतं ते आतल्या बॅटरीवर. ती संपली की सेव्ह गेलं. 'पोकेमॉन एमराल्ड'मध्ये मात्र बॅटरी संपली तरी सेव्ह राहतं, फक्त घड्याळावर चालणाऱ्या गोष्टी बंद होतात. हा फरक माहीत नसेल तर विकणारा घाबरून स्वस्तात देतो, किंवा घेणारा घाबरून घेतच नाही.

दोनशे रुपयांची कॅसेट

आता खरी परीक्षा. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो. मागच्या वर्षी तिथे एका पथारीवर रिमोट आणि चार्जरच्या ढिगात मला पारदर्शक हिरवी कॅसेट दिसली. पोकेमॉन एमराल्ड. खुणा जुळल्या. माझा गेमबॉय बॅगेत असतोच, लावून बघितली. 'बॅटरी संपली आहे' असा संदेश आला आणि गेम मस्त सुरू झाला. अस्सल.

"काका, कशी दिली?"

"दोनशे द्या दादा. सोसायटीतल्या सामानात आलीये."

त्या दिवशीचा बाहेरचा भाव होता शंभर डॉलरच्या वर, म्हणजे आठ हजारांच्या पुढे. दोनशे देऊन निघालो असतो तर कायद्याने काहीच चूक नव्हती. माझा एक मित्र ठामपणे म्हणतो, की ओळखता येणं हे माझं श्रमाने कमावलेलं ज्ञान आहे, त्याचा फायदा मला का मिळू नये? मुद्दा खोटा नाही. पण त्या ज्ञानाची किंमत सात हजार आठशे आणि ज्याने ती वस्तू कचऱ्यात जाऊ दिली नाही त्याची दोनशे, हे गणित मला पटेना.

मी मोबाइलवर झालेल्या विक्री काढून दाखवल्या. काकांनी आधी माझ्याकडे संशयाने बघितलं. "मग तुम्ही मला का सांगताय?" मग मी उरलेलं सांगितलं: हा भाव परदेशातला आहे, इथे गिऱ्हाईक शोधायला महिने लागतात, बॅटरी बदलावी लागेल, पार्सलचा खर्च वेगळा. ते म्हणाले, "मला कुठं जमतंय ते ईबे-बिबे." थोडी घासाघीस झाली. चार हजारांवर ठरलं. त्यांनी चहा सांगितला आणि माझा नंबर लिहून घेतला.

यात मी कोणी संत नाही. आजही त्यांच्याकडे असं काही आलं की पहिला फोटो मला येतो, आणि संग्राहकासाठी यापेक्षा मोठा फायदा नाही.

तर मग रास्त भाव म्हणजे काय?

एवढ्या इतिहासातून मला एकच कसोटी सापडली. मला माहीत असलेलं सगळं समोरच्याला सांगितलं, आणि तरीही सौदा टिकला, तर भाव रास्त.

ही कसोटी लावून मागे बघा. फंकोलँडचा कागद पास होतो, भाव सगळ्यांसमोर होता. 'स्टेडियम इव्हेंट्स'चा लिलाव पास होतो. अलामोगोर्डोची मळकी कॅसेटसुद्धा पास होते, कारण घेणाऱ्याला पक्कं माहीत होतं की आपण गोष्ट विकत घेतोय. २०२१ चे कोटींचे डबे मात्र माझ्या मते अडकतात. घेणारे श्रीमंत असतील, हौशी असतील, पण सगळ्यात गरजेचा आकडाच त्यांच्यासमोर नव्हता.

जाता जाता दोन कामं देतो. एक, या आठवड्यात घरातला माळा उघडा. जुनी कॅसेट निघाली तर भंगारात द्यायच्या आधी तिचा झालेला भाव बघा. आणि दोन, तुम्ही आपल्याकडे एखादी कॅसेट घेतलीत किंवा विकलीत, तर शेवटी किती रुपयांना सौदा झाला, चालू होती की बंद, डबा होता की नाही, हे मला लिहून पाठवा. नाव नको, गाव नको, फक्त आकडा. मी एक साधी शीट करतोय, सगळ्यांना उघडी. पिवळ्या कॅसेटचं भावपत्रक अजून कोणी छापलेलं नाही. आपणच छापू.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि कॅसेटमध्ये फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात!